कुत्रा काढायचा तर आधी पालथं पडा

अमळनेरात मी तीस वर्षं बोर्ड रंगवले. किराणा दुकानं, कृषी केंद्रं, केशकर्तनालयं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागचं 'आईचा आशीर्वाद'. या सगळ्यात कुत्रा एकाच जागी यायचा, फाटकावरच्या 'कुत्र्यापासून सावध राहा' या पाटीवर. उभे कान, लोंबती जीभ, गळ्यात पट्टा. घरात पामेरियन असो नाहीतर काहीच नसो, पाटीवर अल्सेशियन. तो मला डोळे मिटून काढता यायचा. त्यामुळे बोरी नदीकाठच्या एका गावातले जिभाऊ दोन वर्षांपूर्वी मोबाइल पुढे करून म्हणाले, "पेंटर, मना मोत्याना फोटू काढी दे, रंगना," तेव्हा मी आकडा सांगितला, अर्धे पैसे आगाऊ घेतले आणि चौथ्या दिवशी चित्र तयार ठेवलं.

जिभाऊ बहात्तर वर्षांचे. पोरगा सुरतला कापड मार्केटात, राहायला चौथ्या मजल्यावर. शेत बटाईने दिलेलं, दिवाळीनंतर पोराकडे कायमचं जायचं ठरलेलं. सोसायटीत कुत्रा चालत नाही, म्हणून मोत्या गावात पुतण्याकडे राहणार आणि चित्र सुरतला जाणार, असा हिशेब.

त्यांनी चित्र हातात घेतलं, दारापाशी उजेडात नेलं आणि विचारलं, "कोना कुत्रा शे हाऊ?" म्हणजे, कोणाचा कुत्रा आहे हा?

मी म्हटलं, जिभाऊ, रंग बघा, कपाळावरचा पांढरा पट्टा बघा, सगळं फोटोवरून घेतलंय. ते म्हणाले, "मोत्या असा बसस का?" आणि धोतर सावरून माझ्या दुकानाच्या फरशीवर बसले. एका कुल्ल्यावर कलून. डावा हात टेकलेला, उजवा मनगटात दुमडून छातीशी घेतलेला, मान थोडी वाकडी, नजर रस्त्याकडे. मोत्याला मी तोवर प्रत्यक्ष पाहिलंही नव्हतं. तरी समोर मोत्या बसलाय हे मला कळलं.

आगाऊ घेतलेले पैसे परत करायला मी गल्ला उघडला. त्यांनी घेतले नाहीत. "परत काढ," एवढंच म्हणाले.

त्यानंतर मी जे शिकलो ते इथे लिहितोय. तुम्हाला तुमच्या घरचा किंवा गल्लीतला कुत्रा तैलरंगात काढायचा असेल तर उपयोगी पडेल. चित्रकलेची इंटरमीजिएट परीक्षा दिलेली असली तर बरंच, नसली तरी अडत नाही. माझी स्वतःची ए.टी.डी., म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका, अर्धवट राहिलेली आहे.

गुरू शोधले ते अमेरिकेत

माझी मुलगी पुण्यात शिकते. तिने मला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमचा संग्रह मोबाइलवर दाखवला. ज्या चित्रांचे हक्क संपलेत त्यांच्या प्रतिमा त्यांनी २०१७ पासून सगळ्यांना फुकट मोकळ्या केल्यात. बोटांनी मोठं करत गेलं की ब्रशचा फटकारा दिसतो. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीचंही तसंच आहे. मी आधी इंग्रजांचे कुत्रे पाहिले, कारण कुत्र्याच्या चित्रांत एकोणिसाव्या शतकातला बादशहा म्हणजे लंडनचा एडविन लँडसीअर. काळ्या-पांढऱ्या न्यूफाउंडलँड कुत्र्यांना आजही त्याच्या नावाने ओळखतात. त्याच्या चित्रांवरून केलेली एनग्रेव्हिंगं, म्हणजे कोरीव ठशांवरून छापलेल्या प्रती, अमेरिकेतही घरोघरी गेली होती. हात तयार होता त्याचा, वादच नाही. पण त्याचे कुत्रे आपल्याला कोणीतरी बघतंय हे जाणून बसल्यासारखे वाटतात. तमाशातला राजा बसतो तसे. अमेरिकनांपैकी काहींचे कुत्रे मात्र आपापल्या कामात किंवा आळसात आहेत, आणि मोत्यासाठी मला तेच हवं होतं.

सगळ्यात जास्त शिकवलं ते टॉमस ईकिन्सने. फिलाडेल्फियाचा माणूस, १८४४ चा जन्म. त्याचा हॅरी नावाचा सेटर, म्हणजे लांब केसांच्या शिकारी जातीचा, कुत्रा होता. ईकिन्सने १८८४ ते १८८९ या काळात आपल्या बायकोचं, सुझनचं, एक चित्र केलं. ती फिक्या निळ्या पोशाखात खुर्चीत बसलीय, मांडीवर जपानी चित्रांचं पुस्तक, आणि पायाशी गालिच्यावर हॅरी पसरलाय. कुत्र्याला पोज दिलेली नाही. खोलीत माणसं आपापलं काहीतरी करत बसली की कुत्रा जसा कंटाळून पडतो, तसा तो पडलाय. सुझनच्या चेहऱ्यावर ईकिन्सने नंतर बरंच काम केलं. १८८६ मध्ये छापलेल्या प्रतिमेत ती तरुण दिसते, आज भिंतीवर टांगलेल्या चित्रात ओढलेली, थकलेली दिसते. स्वतः सुझनही चित्रकार होती, हे चित्र बघताना लक्षात ठेवण्यासारखं.

हाच हॅरी 'स्विमिंग' या १८८५ च्या चित्रातही आहे. तिथे तो पाण्यात आहे, फक्त डोकं वर. जवळच ईकिन्सने स्वतःलाही पोहताना घातलंय. विन्स्लो होमरच्या १८९२ च्या 'हाउंड अँड हंटर'मध्येही तसंच. ॲडिराँडॅकच्या डोंगरातलं तळं, होडीतला पोरगा मेलेल्या हरणाची शिंगं धरून बसलाय आणि शिकारी कुत्रा पोहत होडीकडे येतोय. कुत्र्याचं तेवढंसं डोकं पाण्याबाहेर, पण त्याची घाई कळते. हे दोन पाहिल्यावर मी जिभाऊंना विचारलं होतं, मोत्या पोहतो का? ते म्हणाले, बोरीला पाणी असतं कधी?

आठ दिवस नुसतं बघा

पेन्सिल उचलण्याआधीचं हे काम लोक टाळतात. मीही टाळलं होतं.

कुत्र्याच्या घरी जा आणि ओट्यावर बसा. त्याला बोलवू नका, कुरवाळू नका. पहिले दोन दिवस तो तुम्हाला हुंगेल, भुंकेल, तुमच्याभोवती फिरेल. तिसऱ्या दिवशी तुम्ही त्याच्या लेखी खांब होता, आणि मग खरा कुत्रा दिसायला लागतो. मी खिशात छोटी वही ठेवली होती. त्यात चित्रं कमी आणि नोंदी जास्त. मोत्याचा डावा कान अर्ध्यात मोडतो, उजवा फक्त मोटारसायकलच्या आवाजाला उभा राहतो. सकाळी नऊपर्यंत तो चुलीच्या राखेत, मग बैलगाडीच्या सावलीत, आणि सावली सरकली की तोही सरकतो. उजव्या पायाचं जुनं दुखणं आहे, म्हणून तो एका कुल्ल्यावर बसतो. पुतण्याने सांगितलं, पिल्लू असताना ट्रॉलीखाली आला होता. जिभाऊंनी दुकानात करून दाखवलेल्या बसण्याचं कारण मला तेव्हा कळलं.

घरच्यांना एकच प्रश्न विचारा. अंधारात नुसती बाहेरची आकृती दिसली तर हा आपलाच कुत्रा हे तुम्ही कशावरून ओळखाल? उत्तर शेपटी, कान, पाठीचा बाक, चालण्यातला लंगडेपणा, असं काहीतरी येतं. नाक आणि डोळे कोणी सांगत नाही. जे सांगतील त्यावर चित्राचा अर्धा भार टाका.

मेरी कसाट ही अमेरिकन बाई पॅरिसमध्ये राहून चित्रं करायची. तिचं १८७८ चं एक चित्र आहे. निळ्या खुर्च्यांनी भरलेली खोली, एका खुर्चीत छोटी मुलगी वाटेल तशी पसरलेली आणि दुसऱ्या खुर्चीत छोटा कुत्रा गाढ झोपलेला. खोलीच्या मागच्या भागात एडगर दगा या फ्रेंच चित्रकाराने स्वतः ब्रश चालवला होता असं कसाटनेच पत्रात लिहून ठेवलंय. पॅरिसच्या १८७८ च्या जागतिक प्रदर्शनात अमेरिकन विभागाने ते चित्र नाकारलं. असं पसरलेलं पोर आणि असा पडलेला कुत्रा तेव्हाच्या परीक्षकांना रुचला नसावा, असं मला आपलं वाटतं. आज ते वॉशिंग्टनला आहे. झोपलेला कुत्राही पोर्ट्रेट होतो, हे मी त्यावरून धरून चाललो.

फोटो घ्यायचा तो कोपरावर टेकून

नोंदी झाल्या की फोटो. कुत्रा तासभर बसून राहत नाही, तेव्हा फोटोशिवाय गत्यंतर नाही, आणि त्यात कमीपणाही नाही. ईकिन्स स्वतः कॅमेरा वापरायचा. त्याच्याआधीच्या काळात फोटोला काही सेकंद दम धरून स्थिर बसावं लागे, कुत्र्याने शेपटी हलवली की शेपटीचा धूर. अब्राहम लिंकनच्या फिडोचा मात्र फोटो आहे. पिवळसर, मिश्र जातीचा, आपल्या कोणत्याही गल्लीत खपून जाईल असा. १८६१ मध्ये लिंकन राष्ट्राध्यक्ष होऊन वॉशिंग्टनला निघाला तेव्हा फिडोला त्याने स्प्रिंगफिल्डमध्ये ओळखीच्या कुटुंबाकडे ठेवलं. आवाजाला, गर्दीला घाबरायचा तो. हे मी जिभाऊंना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग विचारलं, त्या लोकांनी त्याला नीट सांभाळलं का.

आता फोटोची रीत. आपण उभे राहून, मोबाइल छातीशी धरून खाली फोटो काढतो. त्यात कुत्र्याचं डोकं मोठं, पाय आखूड आणि नजर भीक मागितल्यासारखी येते. माझं पहिलं चित्र तिथेच फसलं होतं. खाली पोतं अंथरा आणि पालथं पडा. मोबाइलची भिंग कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीला आली पाहिजे, म्हणजे जमिनीपासून साधारण दीड फूट. गावातली पोरं हसतील, हसू द्या. फार जवळ जाऊ नका, जवळून नाक फुगतं आणि कान मागे पळतात. आठ-दहा फुटांवर राहा आणि झूम करा. फ्लॅश बंद.

उजेड एका बाजूचा हवा. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये अकरानंतरचं ऊन डोक्यावरून सरळ पडतं, त्यात डोळ्यांच्या जागी दोन खड्डे दिसतात. सकाळी आठच्या आत किंवा पाचनंतर या, नाहीतर कुत्र्याला ओसरीत आणा, दार एकच उघडं ठेवा. एका बाजूच्या उजेडाने साध्या वस्तूचं काय होतं ते पाहायचं असेल तर चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूसांच्या कलादालनात जाऊन त्यांचे टेबलटॉप फोटो, म्हणजे टेबलावर वस्तू मांडून काढलेले, बघा. मी तिथे एक अख्खी दुपार घालवली आणि संध्याकाळची गाडी चुकवली.

भाकरीचा तुकडा मालकाच्या हातात द्या, तुमच्या नको. तुमच्या हातात दिला तर प्रत्येक फोटोत कुत्रा तुमच्या हाताकडे बघेल. मालक बाजूला, थोडा लांब. मोत्याच्या नव्वद फोटोंतले सहा कामाचे निघाले. त्यातही एकाच फोटोवर विसंबू नका. बसण्यासाठी एक, डोक्यासाठी दुसरा, पायांसाठी तिसरा असे घ्या, पण उजेडाची बाजू सगळ्यांत तीच हवी.

नक्कल करायला लाजू नका

आपला कुत्रा कॅनव्हासवर घेण्याआधी जुन्या उस्तादाचा एखादा कुत्रा पुठ्ठ्यावर उतरवा. नक्कल म्हटलं की आपल्याकडे नाक मुरडतात. पण रॉबर्ट गिल नावाचा इंग्रज मेजर १८४४ पासून अजिंठ्यात राहून लेण्यांतल्या चित्रांच्या तैलरंगात नकला करत बसला होता. त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली तेव्हा जळाल्या. त्याची कबर भुसावळला आहे. त्याच्या आयुष्याची वर्षानुवर्षं नकलेत गेली, तर आपले चार रविवार गेले म्हणून काय बिघडतं?

कोणाची नक्कल करायची हे तुमच्या कुत्र्याच्या केसांवर ठरवा. केस लांब असतील तर ईकिन्सचा हॅरी. आपले गावठी कुत्रे आखूड केसांचे, त्यांच्या अंगावरचा स्नायून् स्नायू दिसतो. त्यांच्यासाठी पॉइंटर जातीच्या कुत्र्यांची चित्रं जास्त उपयोगी. अशी चित्रं करणाऱ्यांत जॉन मार्टिन ट्रेसी, १८४३ ते १८९३, आणि एडमंड ऑस्टहाउस ही दोन नावं शोधा. ऑस्टहाउस जर्मनीत जन्मला, ओहायोतल्या टोलेडोला स्थायिक झाला. पक्ष्याचा वास लागताच पॉइंटर एक पाय उचलून, शेपूट ताठ करून गोठतो, ती घडी हे लोक पकडायचे. त्यांच्या आधीचा आर्थर टेट १८५० मध्ये लिव्हरपूलहून न्यूयॉर्कला आला. त्याच्या शिकारीच्या चित्रांचे लिथोग्राफ, म्हणजे शिळाछाप, करिअर अँड आइव्ह्ज या छापखान्याने काढले, आणि ते आपल्याकडच्या कॅलेंडरांसारखे घरोघरी लागले.

या मंडळींकडून शरीर शिका, पण त्यांची एक खोड उचलू नका. १८७७ मध्ये न्यूयॉर्कला वेस्टमिन्स्टर केनेल क्लबचं पहिलं कुत्र्यांचं प्रदर्शन भरलं, १८८४ मध्ये अमेरिकन केनेल क्लब निघाला. मग श्रीमंत मालकांना जातिवंतपणाचा पुरावा म्हणून चित्र हवं झालं. कुत्रा आडवा उभा, चारही पाय दिसतायत, शेपूट मापात. आपल्याकडे बैलबाजारात खोंड उभा करून दाखवतात तसं. अशा चित्रात जात कळते. तो कोणाच्या घरचा, हे कळत नाही.

रेखाटन : उलटा गुडघा आणि इतर घोटाळे

बारा बाय सोळा इंची कॅनव्हास घ्या. पहिल्या चित्राला याहून मोठा घेऊ नका. कोळशाने आधी बाहेरची आकृती काढा, आतलं काही नाही. ती काळ्या रंगाने भरली असं मनात धरा आणि घरच्यांना दाखवा. ओळखलं नाही तर पुसा. दुसऱ्या वेळी जिभाऊंनी नुसती आकृती पाहून मान डोलावली, तेव्हाच मी पुढे गेलो.

कुत्र्याच्या मागच्या पायाला जो उलटा गुडघा दिसतो तो गुडघा नसतो, ती टाच असते. खरा गुडघा वर, पोटाजवळ असतो. कुत्रा आयुष्यभर चवड्यांवर चालतो, हे डोक्यात बसलं की मागचे पाय कधी चुकत नाहीत. पुढच्या पायाचं कोपर छातीच्या खालच्या कडेशी येतं, त्याहून खाली आणलंत तर बाहुली होते. डोळ्यांतलं अंतर आणि नाकाची रुंदी पेन्सिल आडवी धरून मोजा. अंदाजावर जाऊ नका, कारण अंदाजात आपण नेहमी माणसाचा चेहरा काढतो. कुत्र्याचे डोळे माणसापेक्षा बाजूला वळलेले असतात.

बोर्ड पेंटरला आणखी एक खोड असते, कडा कापल्यासारख्या स्वच्छ ठेवायची. अक्षरांना ते शोभतं. कुत्र्याची कड उजेडाच्या बाजूला थोडी धारदार आणि सावलीच्या बाजूला मागच्या रंगात विरघळलेली हवी. हे मला सगळ्यात जड गेलं. अजूनही हात आपोआप कड ओढतो, मग मी बोटानेच ती पुसतो.

रंग

ट्यूबा लागतात सहा : टिटॅनियम व्हाइट, यलो ओकर, बर्न्ट सिएना, रॉ अंबर, अल्ट्रामरीन ब्लू आणि थोडा लाइट रेड. काळा घेऊ नका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून जो काळा होतो तो जिवंत असतो, हवा तसा निळ्याकडे किंवा तांबड्याकडे झुकवता येतो. आपल्या हातातली ही दाबायची ट्यूबसुद्धा एका अमेरिकन पोर्ट्रेट पेंटरची देणगी. जॉन रँड त्याचं नाव. लंडनला राहत असताना १८४१ मध्ये त्याने पत्र्याच्या ट्यूबचं पेटंट घेतलं. त्याआधी तयार रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवायचे, टोचून पिळायचे.

तेल जवसाचं. पण चटणीच्या जवसाचं घाण्यावरचं तेल आणू नका. मी आणलं होतं, स्वस्त पडतं म्हणून. महिनाभर चित्र चिकट राहिलं आणि त्यावर केळीच्या बागेतली सगळी चिलटं येऊन बसली. चित्रकारांसाठी शुद्ध केलेलंच घ्या. पहिला थर टर्पेंटाइनमध्ये पातळ, पुढच्या थरांत तेल वाढवत जायचं. खाली पातळ, वर स्निग्ध, हा क्रम उलटला की वरचा थर तडकतो.

तडकण्यावरून सांगतो. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतल्या पुष्कळ चित्रकारांना बिट्यूमेनचा, म्हणजे डांबराच्या तपकिरी रंगाचा, मोह पडला होता. लावताना तो काय सुंदर दिसतो, मधासारखा खोल. पण पुरता वाळत म्हणून नाही, आणि काही वर्षांनी चित्रावर मगरीच्या पाठीसारख्या भेगा पडतात. आम्हा बोर्डवाल्यांकडे त्याचाच भाऊबंद असतो, ब्लॅक जपान नावाचं काळं वार्निश. मी हे सगळं वाचायच्या आधी एका काळ्या कुत्र्याच्या चित्रात मागच्या अंधारासाठी तो पातळ करून लावला. मे महिन्यात ते चित्र दुकानाच्या पश्चिमेच्या भिंतीवर होतं. जूनमध्ये त्याच्यावर अशा भेगा होत्या की पाऊस पडायच्या आधीचं काळं रान बघावं. मालकाला दुसरं करून दिलं. पहिलं अजून माझ्याकडे आहे, मुद्दाम ठेवलंय.

गावठी पिवळ्या कुत्र्याचा रंग पिवळा नसतो, हे आधी मान्य करा. उजेडातला भाग ओकर, पांढरा आणि सिएनाचा ठिपका. सावलीतला भाग अंबर आणि अल्ट्रामरीन. पाठीच्या वरच्या कडेला आकाश पडतं, तिथे किंचित निळसर करडा. आणि पोटाखाली, जिथे सगळे जण काळं फासतात, तिथे तापलेल्या अंगणाचा उजेड खालून वर मारतो. ती सावली उबदार, तांबूस करा. आमच्याकडच्या उन्हात हे इतकं स्पष्ट दिसतं की एकदा पाहिल्यावर दिसत नाही असं होत नाही. हॅरी बिचारा फिलाडेल्फियाच्या खोलीत होता, त्याच्या पोटाखाली ही आग नाही. तिथे नक्कल सोडा आणि आपल्या अंगणाकडे बघा.

केस, नाक, डोळे

केस काढू नका. बोर्डाचा लायनर ब्रश हातात असला की एकेक केस ओढायचा मोह होतो आणि कुत्र्याचं पायपुसणं होतं. आधी मोठ्या चपट्या ब्रशने उजेड आणि सावली असे दोनच ढीग मांडा. मग मधला रंग. ब्रशचा फटका केस ज्या दिशेने वाढतात त्या दिशेने. नाकापासून कपाळावर वर, गालावरून मागे, मानेवरून खाली, छातीवर भोवरा. शेवटी दहा-पंधरा केस, तेही फक्त जिथे उजेड आणि सावली भेटतात तिथे, आणि कानाच्या काठावर. बस.

नाक ओलं असतं. वरच्या बाजूला निळसर करड्याचा एक फटका, नाकपुड्या स्वल्पविरामासारख्या, आणि खालच्या कडेला जवळजवळ काळा. मिशा सर्वांत शेवटी, ब्रश उचलता उचलता.

डोळ्याचं पांढरं जवळपास दाखवूच नका. कुत्र्याचा डोळा बहुतेक तपकिरीच भरलेला असतो. पांढरं कोपऱ्यात दिसतं ते मान न वळवता तो बाजूला बघतो तेव्हा. ते काढलंत तर तो तेवढ्यापुरता चोर किंवा अपराधी दिसतो. मोत्याच्या डाव्या डोळ्यात मी ते थोडं ठेवलं, कारण बसल्या जागेवरून रस्त्याकडे तो तसंच बघतो. डोळ्यातला चमकता ठिपका शुद्ध पांढरा नको, आकाशाचा रंग मिसळा, आणि दोन्ही डोळ्यांत तो एकाच बाजूला हवा. पाटीवरच्या माझ्या अल्सेशियनला मी वीस वर्षं दोन्ही बाजूंना ठिपके देत होतो.

डोळ्यांत माणसाचं दुःख भरायला जाऊ नका. याचं दुसरं टोक म्हणजे कॅशियस कूलिज. त्याची पत्ते खेळणारी, सिगार ओढणारी कुत्री तुम्ही कुठल्यातरी हॉटेलात पाहिलीच असतील. पहिलं तसं चित्र १८९४ चं, पुढची मालिका १९०३ पासून ब्राउन अँड बिगलो या कॅलेंडर कंपनीच्या जाहिरातीसाठी. मला हा माणूस आवडतो, खोटं कशाला बोलू. त्याने शाळेत कला शिकलेली नव्हती, तरुणपणी बोर्ड रंगवले होते, आणि भोकातून मुंडकं काढून फोटो काढायचे जे गमतीचे पडदे जत्रेत असतात त्यांचं श्रेयही त्यालाच देतात. सारंगखेड्याच्या जत्रेसाठी मी तसे पडदे केलेत, म्हणजे आम्ही एकाच धंद्यातले. पण त्याच्या चित्रात कुत्र्याची कातडी पांघरलेली माणसं आहेत. गंमत म्हणून करा, पोर्ट्रेट म्हणून नको.

मागे काय रंगवायचं हा प्रश्न सगळे विचारतात. शक्य तितकं कमी. अमी फिलिप्स हा न्यूयॉर्क-कनेक्टिकटकडचा गावोगाव फिरून माणसांची चित्रं काढणारा पेंटर. त्याने १८३० ते १८३५ च्या दरम्यान केलेल्या एका चित्रात लाल झग्यातली मुलगी, तिच्या हातात पांढरं मांजर आणि पायाशी कुत्रा आहे, मागे नुसता अंधार. शरीरशास्त्राच्या नावाने बोंब आहे, कुत्रा सपाट आहे, पण नजर हटत नाही. मोत्याच्या मागे मी फक्त गाडीच्या चाकाचा एक तुकडा आणि शेणाने सारवलेली जमीन ठेवली. गाडी का, तर त्या सावलीचे ते दोघं भागीदार होते. जिभाऊ दुपारी तिथेच आडवे व्हायचे.

वाळणं आणि नेणं

तैलरंगाला घाई चालत नाही. पातळ थर आमच्या हवेत आठ-दहा दिवसांत बोटाला लागत नाहीत, जाड थराला महिने लागतात. उन्हात ठेवून वाळवू नका, गच्चीवर तर मुळीच नाही. कॅनव्हास सैल पडतो आणि वरची साय आधी धरून खालचं ओलं राहतं. आतल्या खोलीत, वारा येईल पण धूळ येणार नाही असं उभं ठेवा. वार्निश सहा महिन्यांनी.

ओलं चित्र न्यायची वेळ आली तर बाटलीच्या बुचाचे चार तुकडे करा, कॅनव्हासच्या चार कोपऱ्यांवर ठेवा, वर त्याच मापाचा पुठ्ठा घ्या आणि सुतळीने बांधा. रंगाला काही टेकत नाही. वरून प्लॅस्टिक गुंडाळू नका, आत वाफ धरते. पिशवीवर बाण काढून 'ही बाजू वर' लिहा, मोठ्या अक्षरात.

जिभाऊ दिवाळीनंतर चौथ्या दिवशी जाणार होते आणि मोत्याची छाती अजून ओली होती. बुचं लावून, पुठ्ठा बांधून मी चित्र स्टेशनवर नेलं. सुरतेच्या गाडीला वीस मिनिटं होती. त्यांनी सुतळी सोडायला लावली. पुठ्ठा बाजूला केला, चित्र बाकावर भिंतीला टेकवून ठेवलं आणि स्वतः समोर उकिडवे बसले, बघत. बघता बघता एका बाजूला कलले. "आते शे," म्हणाले. मग मी परत बांधून दिलं.

वार्निश राहिलंय. सहा महिने कधीच होऊन गेलेत. फोन आला की ते मोत्याची खबर विचारतात, मी पुतण्याला विचारून सांगतो. येत्या पोळ्यानंतर डबा आणि रुंद ब्रश घेऊन सुरतला जायचं ठरवलंय. चित्र पलंगासमोर लावलंय असं पोरगा म्हणाला, पण खिळा फार वर ठोकलाय. जाईन तेव्हा खाली घ्यायला सांगणार आहे, जमिनीपासून दीड-दोन फुटांवर.